बडीशेपेच्या बाटलीतलं गिमलेट

“पदराखाली धरा, ताई,” म्हणत काटकरकाकांनी परसातल्या भिंतीवरून टॉवेलात गुंडाळलेली बाटली माझ्या हातात दिली. “पर वैद्यबुवांना वास लागला तर माझ्या गुडघ्याचं तेल बंद व्हईल, तेवढं ध्यानात असू द्या.”

“नाही लागणार, काका.”

“आन मी काय म्हन्तो, रम न्या की! कोट्यातली झकास रम पडलीया घरात. ही जिन आमच्यात कोन शिवत न्हाई. कँटीनवाला माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. म्हनला, सुभेदार, तब्येत बरी हाय न्हवं?”

“मला जिनच हवी.”

“असं काय नडलंय?”

“माझं लग्न नडलंय,” मी म्हटलं आणि आत पळाले.

काटकरकाका फौजेतून निवृत्त झालेले, आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण लग्न खरंच नडलं होतं. पुण्याला एम.एस्सी. करताना मला रणजित ताम्हाणे भेटला आणि दोन वर्षांत आमचं ठरलं. ठरलं म्हणजे आमच्या दोघांचं. त्याचे वडील जन्मभर मालवाहू जहाजांवर कॅप्टन, दादरची कायस्थ मंडळी, ताटात मासा नसला तर आज उपास आहे का विचारणारी. आणि माझे वडील साताऱ्याचे वैद्य त्र्यंबकशास्त्री आठल्ये. तिकडे कॅप्टनसाहेब म्हणत, “मुलगी चांगली आहे हो, पण त्या काढ्याच्या घराशी आपलं जमणार का? एक रात्र राहून बघू, मग बोलू.” इकडे अण्णा म्हणत, “येऊ देत. नाडी बघितल्याशिवाय मी गायसुद्धा विकत घेत नाही.” जे काय व्हायचं ते त्या एका संध्याकाळी होणार होतं. बिघडलं की बिघडलंच.

त्यात आदल्या आठवड्यात पोस्टात रणजितचा ट्रंक कॉल आला.

“शरयू, बाबांना संध्याकाळी सातला गिमलेट लागतं!”

“काय लागतं?”

“गिमलेट! जिन आणि लिंबाचा पाक! आई म्हणाली, बाकी काही नसलं तरी चालेल, तेवढं बघा. ते मिळालं नाही की आमच्या घरात संध्याकाळी कुणी कुणाशी धड बोलत नाही!”

“कसं करतात ते?”

“घरी आईच करते. तिलाच विचारून सांगतोय, ऐक!”

आता त्या लाइनवर प्रत्येक शब्द ओरडून परत म्हटल्याशिवाय खात्री व्हायची नाही, आणि खिडकीशी आमची अर्धी आळी तिकिटांना उभी. मी काय करणार? ओरडले, “दोन भाग अर्क! एक भाग पाक! बर्फात घालून हालवायचं! समजलं!” पोस्टमास्तर कौतुकानं मान डोलावत म्हणाले, “वा! मुलगी बापाची गादी चालवणार!”

आमच्या घरात दारूला बंदी होती, द्राक्षासवाला नव्हती. माझी आई मी लहान असतानाच गेली. घर सांभाळायची ती अण्णांची धाकटी बहीण, यमुआत्या. ती रोज जेवणानंतर द्राक्षासवाचे दोन मोठे चमचे घ्यायची आणि “अंगात कशी ऊब येते गं!” म्हणत लालबुंद होऊन आडवी व्हायची. पण तिच्यासमोर दारू हा शब्द जरी निघाला असता, तर तिनं उंबऱ्यापासून माळ्यापर्यंत घर गोमूत्रानं धुतलं असतं.

म्हणून मी बेत केला तो असा. अण्णा सातला देवळात प्रवचनाला जातात. तेवढ्या वेळात कॅप्टनसाहेबांना वर माडीवर न्यायचं, सरबत म्हणून गिमलेट हातात द्यायचं, फुलपात्र विसळून ठेवायचं, आणि कानोकान खबर नाही. बाटलीचा प्रश्न होता. स्वयंपाकघरात आत्याच्या नजरेतून मुंगी सुटत नव्हती. मग अण्णांच्या औषधाच्या कपाटात मागच्या रांगेत बडीशेपेच्या अर्काची एक रिकामी बाटली होती, तिच्यात मी सगळी जिन ओतली. पाण्यासारखा अर्क, पाण्यासारखी जिन. चिठ्ठी तीच. मूळ बाटली काटकरकाकांना परत. स्वतःवर इतकी खूश झाले मी, की आरशात बघून हसून घेतलं.

पाक मात्र जीव ओतून केला. कागदी लिंबं आणली, धुऊन पुसून त्यांची साल बारीक किसणीवर अगदी वरवर किसली. खालचं पांढरं आलं की कडू होतं, हे रणजितच्या आईनं बजावून सांगितलं होतं. तो हिरवा कीस साखरेत घालून बोटांनी चोळत बसायचं, म्हणजे सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि साखर ओली होते. सगळं घर घमघमलं. मग त्यात लिंबाचा रस, साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि फडक्यातून गाळायचं.

“सालं कसली किसतेस?” आत्या येऊन उभी राहिली. “रस काढायचा सोडून?”

“मुंबईचं सरबत आहे, आत्या.”

“मुंबईला लिंबं कळतात होय! आणि तो फिरकीचा तांब्या कशाला काढलाय?”

“त्यात घालून हालवायचं.”

“आंबट? पितळेत? कल्हई गेलीय त्याची. कळकेल सगळं, आणि पाहुण्यांच्या पोटात ढवळेल! कॉलेजात हेच शिकवलं का?” तिनं तांब्या हिसकावून घेतला आणि मुरांब्याची झाकणाची बरणी समोर आदळली. केमिस्ट्रीची पदवी घेऊन मी गप्प बसले.

ताम्हाणे मंडळी दुपार कलल्यावर मोटारीनं आली. कॅप्टनसाहेब उंचेपुरे, पांढरेशुभ्र केस, आवाज मात्र अगदी मऊ. रणजितची आई इंदुमतीबाई लहानखुऱ्या, हसऱ्या, फिकट निळ्या साडीत नीटनेटक्या. प्रवासानं दमल्या असतील, पण आत्यानं केलेल्या प्रत्येक पदार्थाला “किती छान!” म्हणत होत्या. तीन वेळा चहा झाला, तिन्ही वेळा हसून घेतला. आत्यानं गावातल्या यच्चयावत लग्नांच्या हकिकती सांगितल्या, त्याही हसून ऐकल्या. मधेच त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडे सूर्य किती वाजता मावळतो गं?”

मला वाटलं बाई हौशी आहेत. म्हटलं, “माडीवरून फार सुंदर दिसतो, जाऊ या का?”

“नको नको, सहज विचारलं,” त्या म्हणाल्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

मग अण्णांनी आपलं नेहमीचं केलं. आमच्या घरात आलेला माणूस, मग तो पाहुणा असो, पोस्टमन असो की वीजबिल द्यायला आलेला असो, त्याची नाडी बघितली जायची. “आणा हात,” ते कॅप्टनसाहेबांना म्हणाले. डोळे मिटून बराच वेळ बोटं धरली. “हं.” मग इंदुमतीबाईंचा हात. आणखी वेळ. “जीभ दाखवा. हं.” रणजितकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

मी पाकाची तयारी बघायला आत गेले. बोट बुडवून चाखलं आणि किंचाळलेच.

“आत्या! ह्यात काय घातलंस?”

“पादेलोण आणि भाजल्या जिऱ्याची पूड,” आत्या शांतपणे म्हणाली. “तू विसरली होतीस. नुसतं गोडंमिट्टं सरबत कोण पितं? आता बघ कशी चव आलीय.”

चव कसली! पाकाला नासक्या अंड्याचा वास मारत होता. बाजारात जाऊन लिंबं आणायची, किसायची, चोळायची, एवढा वेळच नव्हता. बर्फ तिकडे भुशाच्या पोत्यात ठिबकत होता. मी दाराच्या फटीतून बाहेर बघितलं, की निदान अण्णा तरी निघाले असतील. तर अण्णा मांडी ठोकून बसलेले.

“अण्णा, प्रवचन?”

“पाहुणे टाकून कसला जातो? उद्या ऐकेन.” मग ते इंदुमतीबाईंकडे वळले. “वहिनी, तुमच्या पोटात वात धरलाय. थांबा, बडीशेपेचा अर्क देतो.”

मी स्वतःला समजावलं. म्हटलं, पुढच्या रांगेतली बाटली उचलतील. पण ती सकाळीच काटकरांच्या नातवासाठी संपली होती, आणि हे मला तेव्हा आठवलं. मी धावत औषधांच्या खोलीत गेले तोवर अण्णांनी मागची बाटली काढून बूच उघडलं होतं.

अण्णा कोणतंही औषध हुंगल्याशिवाय द्यायचे नाहीत. त्यांनी हुंगलं. थांबले. पुन्हा हुंगलं. तळहातावर एक थेंब घेऊन जिभेला लावला. मी देवाचं नाव घेत होते.

“हपुषा,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“हपुषा गं. नारायण चूर्णात पडते ती. हिमालयाकडून येते, काळी काळी फळं.” डोळे मिटून ते पुन्हा चव घेऊ लागले. “धने आहेत. ज्येष्ठमध आहे थोडं. संत्र्याची साल... दालचिनी आहे की नाही सांगता येत नाही. शरे, हे पोटाचं उत्तम औषध आहे! कुणी केलं?”

“विलायतेत करतात, अण्णा,” मी म्हटलं. “म्हणजे आता इथंही करतात. त्याला जिन म्हणतात.”

“मद्य.”

“हो.”

“माझ्या कपाटात.”

“हो.”

“कुणासाठी?”

आता लपवण्यात काही हशील नव्हतं. सगळं सांगून टाकलं. कॅप्टनसाहेबांना सातला गिमलेट लागतं, मिळालं नाही तर ते बिथरतात, ते बिथरले तर माझं लग्न बोंबललं. सांगता सांगता डोळ्यांत पाणी आलं. रणजितशिवाय मला दुसरं कुणी नको होतं, आणि ते अण्णांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं बोलले.

अण्णा रागावले नाहीत. बाटलीकडे बघत म्हणाले, “आणि लिंबू कशाला ह्यात?”

“जहाजावर महिनोन्‌महिने ताजं काही मिळायचं नाही. खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दात पडायचे. मग गोऱ्यांच्या आरमारानं त्यांना लिंबाचा रस घ्यायला लावला. टिकावा म्हणून त्यात साखर घालायला लागले. तो नुसता घशाखाली उतरेना, तेव्हा अधिकारी लोक जिनमधून घ्यायला लागले, असं रणजित सांगतो. गिमलेट हे नाव कुणी म्हणतं एका आरमारी डॉक्टरवरून पडलं. कुणी म्हणतं सुताराच्या गिरमिटावरून नाव पडलं.”

अण्णांचे डोळे चमकले. “म्हणजे लिंबू हे औषध, आणि हे अनुपान! आपण नाही का मधातून देत? शाबास रे गोऱ्यांनो!” मग एकदम माझ्याकडे वळले. “पण हे सगळं त्या कॅप्टनसाठी म्हणतेस?”

“हो. त्यांच्या नाडीवरून नाही कळलं तुम्हाला?”

“नाडी हे निमित्त असतं गं. माणूस हात देऊन बसला की त्याचं तोंड निवांत बघता येतं. त्या गृहस्थानं आल्यापासून एकदाही घड्याळाकडे बघितलेलं नाही.” ते स्वतःशीच हसले. “पाक कुठाय तुझा?”

मी पादेलोणाचा पाक पुढे केला. अण्णांनी हुंगून तोंड वाकडं केलं. “यमी!” एवढंच म्हणाले, आणि कपाटातून एक बरणी काढली. मळमळ होणाऱ्या गरोदर बायकांना ते लिंबाचा पाक द्यायचे, सालीसकट मुरवलेला. मी चाखून बघितला आणि थक्क झाले. माझ्या पाकाच्या तोंडात मारेल असा होता.

“प्रमाण?”

“दोन भाग ही, एक भाग पाक. बर्फाबरोबर हालवायचं.”

“गार? पोटाला गार?” अण्णा क्षणभर अडले. मग म्हणाले, “असू दे. ज्या देशाचं औषध त्या देशाची रीत.”

मापाच्या पेल्यानं त्यांनी दोन भाग मोजले, एक भाग मोजला, थेंबही इकडे तिकडे होऊ दिला नाही. मी बर्फ फोडून बरणीत घातला. हालवायला मी हात पुढे केला तर म्हणाले, “सोड, औषध मीच हालवतो.” आणि साताऱ्याचे वैद्य त्र्यंबकशास्त्री आठल्ये, उपरणं खांद्यावरून घसरतंय, शेंडी उडतेय, बरणीला बाहेरून दव येईपर्यंत गिमलेट हालवत राहिले. आज मी साठी ओलांडली तरी तो देखावा आठवला की हसू आवरत नाही.

चांदीच्या फुलपात्रात गाळून घेतलं. हलकी हिरवट छटा, वर बारीक फेस. मी तबक उचलणार तर अण्णांनी ते आपल्याच हातात घेतलं. “मागून ये. आणि तोंड बंद.”

बाहेर सगळे बसले होते. आत्या कुणाच्या तरी मुंजीची हकिकत सांगत होती. फुलपात्र बघताच कॅप्टनसाहेबांनी सवयीनं हसून हात पुढे केला. “अरे वा! कशाला एवढी तसदी...”

अण्णा त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेले आणि इंदुमतीबाईंसमोर थांबले.

“वहिनी, हे तुमचं औषध. जेवणाआधी घ्यायचं. घोटाघोटानं.”

कॅप्टनसाहेबांचा हात तसाच हवेत राहिला. रणजित कानापर्यंत लाल झाला. इंदुमतीबाईंनी फुलपात्र हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि चमकून अण्णांकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा फुलपात्राकडे.

“कडू असेल तर नाक धरून घ्या हो,” आत्या कळवळून म्हणाली. “मी तेच करते.”

त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. दुपारपासून ताठ बसलेली ती बाई हळूच खुर्चीला टेकली.

“वैद्यबुवा,” त्या म्हणाल्या, “हे औषध कशावर आहे?”

“दिवसभर चारचौघांत गोड हसावं लागतं, त्यानं जो वात धरतो, त्यावर.”

त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की प्रमाण त्यांनाच का पाठ होतं आणि सूर्य कधी मावळतो हे त्या का विचारत होत्या. मी रणजितकडे डोळे वटारले. तो पुटपुटला, “आईची शपथ होती गं.”

“वैद्यराज, आता तुमच्यापासून काय लपवायचं?” कॅप्टनसाहेब खाकरले. “मला कावीळ झाली तेव्हापासून मी ह्या... ह्या औषधाचा थेंब घेतलेला नाही. आणि तिला ते लागतं. एकच, संध्याकाळी. घरात ठीक आहे, पण बाहेर गेलं की माझ्या नावावर मागवावं लागतं. लोक माझ्या हातात ग्लास देतात आणि तिच्या हातात सरबत. अदलाबदल करायची संधी मिळाली तर ठीक, नाहीतर मी कुंडीत ओततो. किती घरच्या तुळशी मारल्या असतील मी, देव जाणे!”

“अगबाई!” आत्या ताडकन म्हणाली. “दुखणं बायकोचं आणि औषध नवऱ्याच्या नावावर? हा कुठला न्याय? औषधाला कसली मेली लाज?”

इंदुमतीबाईंनी आत्याचा हात धरला आणि म्हणाल्या, “इतक्या वर्षांत असं मला कुणी म्हणालं नव्हतं हो, यमुताई.” आत्याला काही कळलं नाही, पण तिनंही तो हात सोडला नाही.

फुलपात्र तळाशी आलं. “वैद्यबुवा, मात्रा जरा कमी वाटते,” इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या.

“मुळीच नाही. दिवसाला एक. उद्या पुन्हा सातला.”

“उद्या आम्ही मुंबईला असू,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. “असा पाक मला जन्मात जमला नाही. तिकडे कोण करून देणार?”

अण्णांनी उपरणं सारखं केलं. रणजितकडे, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

“अडचण खरी आहे,” ते म्हणाले. “हे औषध ताजंच करावं लागतं. करणारं माणूस घरातलं हवं. आमची शरयू शिकली आहे सगळं, पाकही शिकवीन. पण आमच्यात मुलीला औषधाबरोबर अशीच पाठवत नाहीत. वाजतगाजत न्यावी लागते.”

अण्णा हो म्हणाले होते! आता सगळ्यांच्या नजरा कॅप्टनसाहेबांकडे, आणि कॅप्टनसाहेबांची नजर बायकोकडे.

इंदुमतीबाईंनी शेवटचा घोट घेतला, फुलपात्र खाली ठेवलं आणि आत्याला म्हणाल्या, “यमुताई, पंचांग आणा बघू. आणि मुहूर्त अगदी जवळचा काढा. मला रोज सातला लागतं.”